दोन अडतीसला केलेरा कुठे होती?

१

डेस क्विल्टीला पेनिसिलिन चालत नाही, हे आमच्या कुराबिन गावात कुणालाही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एकोणऐंशी साली त्याचा घसा पहिल्यांदा सुजला, तेव्हा त्याच्या फायलीवर लाल पट्टी मीच चिकटवली होती. पुढे तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली, आणि गावातली दोन पिढ्यांची मुलं त्याच्या त्या घशाची गोष्ट ऐकत मोठी झाली. तरीही ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी, आमच्याच रुग्णालयात, त्याला शिरेतून पेनिसिलिन दिलं गेलं. अर्ध्या तासात त्याचा घसा बंद झाला. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं आणि श्वासासाठी नळीवर ठेवलं.

औषध लिहून देणारी संध्याकाळची डॉक्टर गावात नवी होती. डेस तापानं ग्लानीत होता, त्याला काही सांगता आलं नाही. मनगटावरचा पट्टा लाल असायला हवा होता, पण दुपारी तीनला वॉर्डात आल्यावर छापलेला पट्टा पांढराच निघाला. कारण संगणकात पेनिसिलिनची नोंदच राहिली नव्हती. ती त्याच दिवशी दुपारी दोन वाजून अडतीस मिनिटांनी पुसली गेली होती, आणि पुसणारीचं नाव होतं केलेरा नाइवालू.

केलेरा माझ्या घरामागच्या खोलीत राहते. फिजीहून येऊन तिला दोन वर्षं झाली. तिचा व्हिसा रुग्णालयाच्या नोकरीवर टिकून आहे, आणि तिची सहा वर्षांची लेक नुकतीच इथल्या शाळेत रुळली आहे. बुधवारी सकाळी तिला घरी बसवण्यात आलं. शुक्रवारी दहा वाजता बैठक, आणि बारा वाजता परिचारिका मंडळाकडे तक्रार जाणार. तक्रार गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की देश सोडावा लागणार.

ती माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. चहा गार झाला तरी तिनं कपाला हात लावला नव्हता.

"आंटी मर्ल, ते माझे पेशंटच नव्हते," ती म्हणाली. "मला दिवसभर दुसरा कक्ष दिला होता. त्यांचं पान मी उघडलंसुद्धा नाही."

मी विचारलं, कार्ड कुणाला दिलं होतंस का? तिनं मान हलवली. ते सकाळी सातपासून तिच्या गळ्यात होतं, आंघोळ सोडली तर ती ते काढतच नाही. परिचर्या संचालिका फिलिपा स्ट्रँडलाही तिनं हेच सांगितलं होतं. फिलिपाचं उत्तर असं की, बाई गं, मग तर प्रश्नच मिटला. कार्ड तुझ्या गळ्यात, आणि कार्डाशिवाय तुझं नाव उमटत नाही.

२

मी या रुग्णालयाच्या दप्तरखान्यात एकेचाळीस वर्षं काढली. तेव्हा कागद होते, आणि कागदावर अक्षर होतं. कोणत्या नर्सनं रात्री झोपेत नोंद केली, कोणत्या डॉक्टरचं घरी भांडण झालं होतं, हे मला अक्षरावरून कळायचं. आता सगळ्यांचं अक्षर एकच. निवृत्त झाल्यावर मी मंगळवारी आणि गुरुवारी वॉर्डात चहाची गाडी ढकलते. तळघरातल्या माझ्या जुन्या दप्तरखान्यात आता रुआन बसतो, संगणकांचा प्रमुख. पन्नाशीचा, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, सदा वैतागलेला.

गुरुवारी सकाळी मी त्याच्यासाठी चहा आणि फ्रूट केक घेऊन तळघरात उतरले. आल्याआल्याच त्यानं सांगून टाकलं की केलेराचं विचारायला आला असाल तर उपयोग नाही. यंत्र खोटं बोलत नाही.

यंत्राची रीत मला माहीत होती, तरी मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतली. खरे संगणक सगळे या तळघरात. वर वॉर्डात नुसते पडदे. सकाळी पाळीच्या सुरुवातीला नर्सनं कार्ड टेकवायचं आणि एकदाच पासवर्ड द्यायचा. त्यानंतर बारा तास नुसतं कार्ड टेकवलं की कोणत्याही पडद्यावर तिचंच काम उघडतं, औषधं, तपासण्या, एक्स-रे, सगळं जिथं सोडलं होतं तिथून पुढे. आधी अकरा पासवर्ड लागायचे, आता एकच. माणूस एक, स्क्रीन एक. दुसऱ्या पडद्यावर कार्ड टेकवलं की पहिल्यावरून ती स्क्रीन निघून जाते आणि दुसरीकडे येते.

"आणि याबद्दल माझे कुणी कधी आभार मानले नाहीत," रुआन म्हणाला. "मंगळवारी एका दिवसात चाळीस तक्रारी. हे अडकलं, ते गेलं. तुमची केलेरा तर पहिल्या नंबरावर. जुलैपासून एकोणीस वेळा."

मी सहज विचारलं, मंगळवारी काय म्हणत होती? त्यानं तोंड वाकडं करत नोंद उघडली आणि वाचून दाखवली. दोन चाळीसला दुसऱ्या कक्षातल्या भिंतीवरच्या फोनवरून आलेली तक्रार. स्क्रीन आपोआप जाते. परत आणली तर भलत्याच पेशंटचं पान उघडलेलं. ते बंद केलं. फोनवर बोलता बोलता पुन्हा गेली. त्याखाली मदतनिसाचा शेरा होता: कार्ड पुन्हा टेकवायला सांगितलं. दोन एक्केचाळीसला सुरू झाली. तक्रार बंद.

मी म्हटलं, रुआन, दुसऱ्या कक्षातून परिचारिकांच्या टेबलापर्यंत दोन दारं आणि तीसेक पावलं आहेत. डेसची नोंद नेमकी कोणत्या पडद्यावरून पुसली गेली? त्यानं खांदे उडवले. अहवालात नाव आणि वेळ, एवढंच मागितलं होतं. पडदा कोणता, हे कुणी विचारलंच नव्हतं. शोधता येईल, पण वेळ लागेल, आणि त्याच्याकडे वेळ नाही.

मग तो डेसचीच यादी खाली-वर करत राहिला आणि एकदम थांबला.

"हे विचित्र आहे," तो म्हणाला. "पेनिसिलिन एकदा नाही पुसलं. दोनदा पुसलंय. दोन अडतीसला, आणि परत दोन एक्केचाळीसला."

३

एकच नोंद दोनदा कशी पुसणार? हा प्रश्न घेऊन मी गाडी ढकलत डॉक्टर इम्रींपाशी आले. मंगळवारी दिवसा डेस त्यांच्या उपचाराखाली होता. माणूस चांगला, पण जिभेला धार. संगणकाशी त्यांचं भांडण सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं. मला आधी त्यांचाच संशय होता, आणि मी तो फारसा लपवला नाही.

"मर्लबाई, तुम्ही चहात विष घालून आला आहात का?" त्यांनी कप घेत विचारलं.

मी म्हटलं, ते तुमच्या उत्तरावर आहे.

ते हसले नाहीत. मंगळवारी बाराला डेसचं पान उघडलं तेव्हा पेनिसिलिनची लाल चौकट आली होती, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. एक नव्हे, दोन. एक जुनी, आणि दुसरी त्या सकाळी अपघात विभागानं नव्यानं घातलेली. एकावर एक बसलेल्या. वरची हटवली की खालची दिसणार. दर वेळी दोन्ही बाजूला सारून मगच पुढे जावं लागत होतं. तेव्हा ते टेबलाशी मोठ्यानं म्हणाले होते की, कुणीतरी ही दुबार नोंद काढा, नाहीतर मी हा पडदाच खिडकीबाहेर फेकीन.

"कुणाला म्हणालात?"

"कुणालाच नाही. हवेला. तिथं केलेरा होती, प्रमुख म्हणून ग्लेनिस होती, बाकीच्या येत-जात होत्या." त्यांनी कप खाली ठेवला. "दोनपासून चारपर्यंत मी शस्त्रक्रियेत होतो, पोट उघडलेल्या माणसासमोर. तिथं पाच साक्षीदार आहेत. सहावा झोपलेला होता."

म्हणजे डॉक्टर सुटले. दोनदा पुसण्याचं कोडंही अर्धं सुटलं, कारण नोंदीच दोन होत्या. कुणीतरी डॉक्टरांचं ऐकून दुबार नोंद काढायला गेलं आणि दोन्ही काढून बसलं. त्यात दुष्टपणा नव्हता, चूक होती. पण ती चूक केलेराच्या नावानं झाली होती, आणि केलेरा तेव्हा तीस पावलांवर भिंतीवरचा फोन कानाला लावून उभी होती.

दुपारी मी घरी फोन केला आणि तिला एकच विचारलं. कार्ड कधी हरवलं होतं का?

 ती म्हणाली की हो, जुलैत एकदा. कपड्यांच्या गाडीपाशी पडलं असावं. रुआननं दोन मिनिटांत नवं करून दिलं होतं. म्हणून ती ते विसरूनही गेली होती.

४

मी पुन्हा तळघरात गेले, या वेळी केक न घेता. रुआनला विचारलं की नवं कार्ड दिलंस तेव्हा जुनं मारलंस का?

त्यानं पडद्यावर कार्डांची यादी उघडली. मग त्यानं कबूल केलं की नाही. एका माणसाला दोन कार्डं चालतात, अशीच व्यवस्था होती. डॉक्टर लोक एक कार्ड गाडीत विसरतात आणि आरडाओरडा करतात, म्हणून. जुनं कार्ड बंद करण्याचं बटण वेगळं, आणि त्या दिवशी दाराशी सात माणसं रांगेत उभी होती.

"पण नुसत्या जुन्या कार्डाचा काय उपयोग?" तो म्हणाला. "सकाळचा पासवर्ड लागतो की."

"तो केलेरा देते," मी म्हटलं. "रोज सकाळी सात वाजता. एकाच नावाची दोन कार्डं असतील, तर तिनं दिलेला पासवर्ड दुसऱ्याला चालतो की नाही?"

रुआननं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. चालत होता. बारा तास.

आता मात्र तो न सांगता कामाला लागला. अर्ध्या तासात त्यानं मंगळवारची यादी काढली, या वेळी पडद्यांच्या क्रमांकासकट. केलेरा दुसऱ्या कक्षात तीन क्रमांकावर होती. दोन सदतीसला तिची स्क्रीन नऊ क्रमांकावर गेली, परिचारिकांच्या टेबलावर. दोन अडतीसला नऊवरून पहिली नोंद पुसली. दोन एकोणचाळीसला स्क्रीन परत तीनवर. दोन चाळीसला पुन्हा नऊवर. दोन एक्केचाळीसला नऊवरून दुसरी नोंद पुसली, आणि लगेच स्क्रीन तीनवर. दोन माणसं एकाच स्क्रीनची ओढाताण करत होती, आणि एकीलाही दुसरीचा पत्ता नव्हता. केलेराची जुलैपासूनची एकोणीस गाऱ्हाणी हीच होती. प्रत्येक वेळी तिला सांगितलं गेलं की कार्ड पुन्हा टेकव.

मला संताप आला. बाई खरं सांगत होती आणि आम्ही तिला यंत्र कसं वापरायचं ते शिकवत होतो.

राहिला प्रश्न दुसऱ्या हाताचा. ते कार्ड फक्त केलेरा कामावर असेल त्याच दिवशी चालणार. म्हणजे ज्याच्याकडे ते होतं, त्याला केलेराच्याच पाळ्या हव्या होत्या.

चहाच्या खोलीत फ्रिजशेजारी पाळ्यांचे तक्ते टांगलेले असतात. तक्ता छापील, पण अदलाबदल मात्र अजून हातानं लिहून खाली सही करायची पद्धत आहे. अख्ख्या रुग्णालयात हाताचं अक्षर उरलंय ते तेवढंच. मी जुलैपासूनची पानं उलटली. एकाच हाताच्या अकरा अदलाबदली, निळ्या शाईत. अकराही केलेराच्या दिवसांवर आणून ठेवलेल्या. ती दोघींची मैत्री असेल, असं मला वाटत आलं होतं, आणि त्याचं मला बरंही वाटायचं.

सही वाचायची गरज नव्हती. ते अक्षर मी अडतीस वर्षं ओळखत होते.

५

ग्लेनिस होडली आणि मी एकाच वर्षी एकमेकींच्या लग्नाला गेलो होतो. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्याकडे महिनाभर राहिले. सहासष्ट वर्षांची, वॉर्डाची प्रमुख, सहा आठवड्यांत निवृत्त होणारी. गावच्या बोल्स या खेळाच्या क्लबात निरोप समारंभ ठरला होता आणि लॅमिंग्टन केक करायचं काम माझ्याकडे होतं.

पाळी संपल्यावर ती गाडीतळापाशी बाकावर बसलेली सापडली. मी शेजारी बसले आणि काहीच विचारलं नाही. मी फक्त म्हटलं की नऊ क्रमांकाचा पडदा.

तिनं पर्समधून कार्ड काढलं आणि आम्हा दोघींच्या मध्ये बाकावर ठेवलं. केलेराचा फोटो, दोन वर्षांपूर्वीचा, केस लांब असतानाचा.

ती हळूहळू बोलत गेली. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा, बारा अक्षरं, आधीचा एकही चालणार नाही. तिच्या लक्षात राहीना. एकदा रुआननं उघडून दिला, दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा ती तळघरात गेली तेव्हा रांगेतल्या दोन पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. चौथ्यांदा जायची तिला लाज वाटली. त्याच आठवड्यात कपड्यांच्या गाडीत हे कार्ड मिळालं. परत द्यायचं म्हणून तिनं खिशात टाकलं, आणि टेबलाशी चुकून टेकलं, तर सगळं उघडलं. पासवर्ड न मागता. ती फक्त वाचायला वापरायची. औषधांच्या नोंदी ती पोरींकडून करून घ्यायची, त्यांना शिकायला हवं असं म्हणून.

"मंगळवारी डॉक्टर ओरडले," ती म्हणाली. "मी म्हटलं, चला, एवढं आपण करू. वरची चौकट काढली आणि स्क्रीनच गेली. कार्ड टेकवून परत आणली, पान उघडलं, तर चौकट तशीच. मला वाटलं, मघाची गेलीच नाही. म्हणून काढली. तोच स्क्रीन पुन्हा गेली. खाली दुसरी आहे की नाही, ते मला दिसलंच नाही, मर्ल."

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी सकाळी. तिला घरी पाठवलं तेव्हा."

म्हणजे दोन दिवस. चूक मी समजू शकत होते. ते दोन दिवस मला समजेनात, आणि तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली की नुसती वयानं थकलेली म्हणून कुणी हसलं असतं तर तिनं सोसलं असतं, पण पंचेचाळीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी डेसला जवळजवळ मारणारी म्हणून तिला जायचं नव्हतं.

"अगं, त्या पोरीला देश सोडून जावं लागेल," मी म्हटलं. "उद्या दहाला मी आत जाणार आहे. तू असलीस तर तू बोल. नसलीस तर मी बोलेन, आणि तुझं नाव घेऊन बोलेन."

 मी कार्ड उचललं आणि घरी आले.

६

शुक्रवारी दहा वाजता ग्लेनिस आली नव्हती. आत फिलिपा, केलेरा, डॉक्टर इम्री आणि यादी घेऊन आलेला रुआन. मी बोलायला लागले. पडदे, वेळा, दोन कार्डं, पाळ्यांचा तक्ता, सगळं क्रमानं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी तेही घेतलं. केलेरानं झटकन माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, धक्का होता. ग्लेनिसनंच तिला पहिल्या दिवशी सगळा वॉर्ड फिरून दाखवला होता.

फिलिपानं यादी दोनदा वाचली. मग म्हणाली की हे पटण्यासारखं आहे, पण तिच्या हातात काही नाही. संगणकातली नोंद केलेराच्या नावावर आहे. ती बदलायची तर ज्या व्यक्तीनं चूक केली तिनं स्वतःच्या नावानं, संगणकात, घटनेचा अहवाल भरायला हवा. दुसऱ्या कुणाचं म्हणणं चालत नाही, कागद चालत नाही. बारा वाजता तक्रार आपोआप पुढे जाईल.

"आपोआप," डॉक्टर इम्री म्हणाले. "या इमारतीत तेवढं एकच काम आपोआप होतं."

सव्वाअकराला दार उघडलं. ग्लेनिस गणवेशात होती, केस नीट बांधलेले. कुणाशी न बोलता ती खुर्चीवर बसली, आणि फिलिपानं संगणक तिच्याकडे वळवला. तिनं गळ्यातलं स्वतःचं कार्ड टेकवलं. पडद्यावर पासवर्ड मागणारी एक रिकामी चौकट आली.

ग्लेनिस त्या चौकटीकडे बघत राहिली.

"मला येत नाही," ती म्हणाली. एवढंच, सगळ्यांसमोर.

रुआन उठला, तिच्या मागे जाऊन वाकला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला की काही हरकत नाही, आपण नवा करू. बारा अक्षरं, एक आकडा. तिचा पहिला नाकारला गेला. दुसराही. साडेअकरा झाले. मी बोलणार होते, पण डॉक्टर इम्रींनी माझ्या दंडावर हात ठेवला. फिलिपा पडद्याकडे बघत होती, आम्ही सगळेच बघत होतो, आणि ग्लेनिसची बोटं भलत्याच कळांवर पडायला लागली.

तेव्हा केलेरा उठली. तिनं आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली, आणि ग्लेनिसकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्यामागोमाग मी वळले, मग डॉक्टर, मग फिलिपासुद्धा. शेवटी रुआनही दोन पावलं मागे सरून दाराकडे बघू लागला. मोठी शहाणी माणसं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीकडे बघत बसलो.

 मग मागे एकेक कळ दाबल्याचा आवाज येऊ लागला, सावकाश. मी मोजत गेले. बारा झाल्या, आणि त्यानंतरही कळा वाजतच राहिल्या.